तातूला व्हायरस आहे

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर उजीजीतली शंभर माणसं तुम्हाला सांगायला टपलेली आहेत, आणि प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचं तिखटमीठ घालील. कागद मी लिहिला. अक्षर माझं, शाई माझी, चिकटवायला वापरलेली मक्याच्या उगालीची खळ माझ्या आईच्या पातेल्यातली. त्यावर तीन ओळी होत्या:

तातूला व्हायरस आहे.
बरी होईपर्यंत कुणीही जवळ बसू नये.
हुकमावरून.

'हुकमावरून' हे मी माझ्या मनानं घातलं. सरकारी शाळेत शिकलेल्या माणसाला त्याशिवाय कागद पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

तातू म्हणजे तीन. तिसरी मुलगी झाली की आमच्याकडचे आईबाप फार डोकं चालवत नाहीत, तातू म्हणतात आणि मोकळे होतात. आमच्या बाई, ज्यांना सगळं गाव म्वालिमू म्हणजे शिक्षिका म्हणायचं, अशाच तातू झालेल्या. त्यांच्या वर्गात कॉम्प्युटरही तीनच होते आणि त्यांना आम्ही एक, दोन, तीन असंच म्हणायचो: मोजा, म्बिली, तातू. मोजा आजारी आहे, म्बिली आज रुसलीय, तातू झोपलीय, उठवा. आमच्या भाषेत माणसाला 'आहे' म्हणताना एक अक्षर लागतं आणि वस्तूला दुसरं. कागद लिहिताना सवयीनं मी माणसाचं लावलं. एका अक्षराची चूक. इंग्रजीच्या पेपरात मी याहून मोठ्या चुका केल्या आहेत, पण त्या वाचायला रस्ता थांबला नव्हता.

बाईंचा बाप सरोवरावर नावा बांधायचा. मुलगी शिकली, रेल्वेच्या माल कचेरीत टाइपिस्ट लागली आणि अकरा वर्षं तिथे टाइपरायटर बडवला. मग कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर दार-एस-सलामहून एक साहेब आला. त्यानं बाईंच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, "हिला नाही जमायचं, हिचं वय झालं." बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा टाइप केला, एकही चूक न करता, आणि आगगाडीत बसून त्याच साहेबाच्या शहरात सहा महिन्यांच्या कोर्सला गेल्या.

तिथे त्या शेवटच्या पेपरात एका प्रश्नावर अडल्या. अडल्या म्हणजे अडून बसल्या. त्या काळी एका कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क जोडल्या की एकीला मास्टर म्हणायचे आणि दुसरीला स्लेव्ह. मालक आणि गुलाम. प्रश्न होता, या दोन डिस्कना काय म्हणतात? बाईंनी लिहिलं: थोरली आणि धाकटी. शिक्षकानं शून्य दिलं.

"उत्तर येत नव्हतं का?" त्यानं विचारलं.

"येत होतं. पण मी उजीजीची आहे. आमच्या रस्त्यावरची आंब्याची झाडं साखळीत बांधून नेलेल्या माणसांच्या तांड्यांनी चोखून टाकलेल्या कोयींची आहेत. तो शब्द मी माझ्या हातानं लिहिणार नाही."

"अहो बाई, नुसता शब्द आहे."

"नुसता शब्द आहे ना? मग तुमच्या पोराला ठेवा ते नाव."

त्या शून्यामुळे पहिला वर्ग गेला, दुसरा मिळाला. प्रमाणपत्र भिंतीवर होतं आणि कुणी 'दुसराच का?' म्हटलं की बाई ही गोष्ट अशा थाटात सांगायच्या, जशी काही सुवर्णपदकाची. दोन जुने कॉम्प्युटर घेऊन त्या परत आल्या, तिसरा मागाहून आला. दोन रात्रींच्या प्रवासात एका पडद्याचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "कितव्या महिन्याचा?" तर म्हणाल्या, "झालेला आहे, फक्त रडत नाही अजून."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझं शाळेचं वर्ष वाया गेलं होतं, इंग्रजीत नापास होऊन. आई म्हणाली, "कॉम्प्युटरचं इंग्रजी तरी शीक, ते कमी असतं म्हणे." वीज एका दिवसाआड यायची म्हणून मशीनवरचा वर्गही दिवसाआड. वीज नसेल त्या दिवशी शब्द. फळ्यावर पाच इंग्रजी शब्द, आणि बाई प्रत्येकाची अब्रू काढायच्या.

"घाबरता कशाला? ही काही आकाशातून पडलेली भाषा नाही. इंग्रजाकडे यंत्र आलं, त्याला नावं सुचेनात. मग तो घरात गेला आणि जे हाती लागलं ते उचलून घेऊन आला. उंदीर दिसला, माऊस. खिडकी दिसली, विंडो. ढेकूण दिसला, बग. आपल्या घरात उंदीर आणि ढेकूण आहेत हे त्यानं जगभर कबूल केलंय, आणि लाजायचं तुम्ही?"

आमच्यात निवृत्त हवालदार होता एक. त्याला पडद्यावरचं 'एक्झिक्यूट' दाबवेना. "नोकरीत कुणाला फासावर चढवलं नाही, आता पेन्शनीत चढवू?" म्हणायचा. पाद्रीबाबांचा भाऊ 'सेव्ह' दाबताना डोळे मिटायचा. डाउनलोड शिकवताना मात्र बाईच फसल्या. आमच्या भाषेत हंडीतलं ताटात वाढून घेणं आणि डाउनलोड करणं याला एकच शब्द आहे. बाईंनी तो शिकवला, आम्ही गावभर पसरवला. मग एकदा मासेमारीच्या परवान्याचा अर्ज कॉम्प्युटरवर आला, तर गोंग्वे नावाचे म्हातारे कोळी, ज्यांना वयाच्या मानानं सगळे म्झे म्हणायचे, भल्या सकाळी धापा टाकत दारात.

"संपला का अर्ज?"

"नाही, म्झे. बसा."

"खरं सांग, म्वालिमू. माझ्या आधी बारा जण वाढून घेऊन गेले म्हणे. तळाशी खरवड उरली असेल तर तीही चालेल."

"ही हंडी संपत नाही, म्झे. हजार जणांनी घेतलं तरी भरलेलीच."

म्हाताऱ्यानं पडद्याकडे संशयानं बघितलं. "मग इतके दिवस आम्हाला उपाशी कशाला ठेवलं?"

बाईंनी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि आठवडाभर पुसला नाही.

तर असा तो वर्ग, आणि तो बंद पडायला आला होता. स्टेशनाजवळ दहा मशिनींचं, पंखे लावलेलं नवं दुकान निघालं होतं, आणि पोरं तिकडे वळली होती. बाईंची एकच आशा उरली होती. मुलींच्या शाळेनं ठरवलं होतं की मोठ्या सुट्टीत वीस मुलींना कॉम्प्युटर शिकायला पाठवायचं, आणि वॉर्डाच्या कमिटीनं बाईंचं नाव घातलं होतं. वीस मुली आल्या तर वर्ग राहणार. नाही आल्या तर बाई पुन्हा कुणाच्या तरी कचेरीत दुसऱ्यांची पत्रं बडवणार. बाई हे आम्हाला बोलून दाखवायच्या नाहीत, पण त्या महिन्यात त्यांनी तिन्ही पडद्यांना नव्या कापडाच्या झाकण्या शिवल्या.

आणि नेमके त्याच वेळी वॉर्ड अधिकारी म्झे लुकोंगो आले. मंगळवारी दुपारी. त्यांच्या गळ्यात दोरीला पेनड्राइव्ह असायचा, रेफ्रीच्या शिट्टीसारखा. त्यातलं पत्र छापून हवं होतं. तीन नंबरला मी तो लावला, पत्र छापलं, साहेब गेले. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर तातूच्या पोटातलं एकेक फोल्डर गायब व्हायला लागलं.

"व्हायरस," बाई म्हणाल्या. "साहेबांनी ठेवून दिला जाताना. बुकुरू, कागद लाव तिच्यावर. साफ करेपर्यंत कुणी आपला पेनड्राइव्ह लावायला नको."

बुकुरू म्हणजे मी. तातू खिडकीशी असायची. कागद आत लावला तर बाहेरून येणाऱ्याला उशिरा कळणार, असा विचार करून मी तो काचेवर लावला, तोंड रस्त्याकडे. माझ्या हुशारीची ही शेवटची नोंद.

रस्त्यापलीकडे बी फायदा, म्हणजे फायदाबाई, मांदाझी हे गोड वडे तळायची. तिला वाचता येतं, पण मोठ्यानं. तिनं एकेक अक्षर जोडत कागद वाचला तेव्हा कढईभोवती सात-आठ गिऱ्हाइकं होती.

व्हायरस या शब्दाला त्या वर्षांत आमच्याकडे एकच अर्थ होता, एड्सचा. रेडिओवर तो, दवाखान्याच्या भिंतीवर तो, आणि पिवळ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत तोच. माणसं तो उच्चारतसुद्धा नसत. 'अमक्याचा वायरवर पाय पडला' म्हणत आणि पुढच्या विषयाकडे वळत. आता बाईंच्या दुकानात जिकडेतिकडे वायरीच. संध्याकाळपर्यंत बाजारात पक्कं झालं होतं: म्वालिमू तातूचा पाय पडला, आणि बिचारीनं प्रामाणिकपणे स्वतःच कागद लावला.

मला दोन दिवस काही कळलं नाही. एवढंच दिसलं की पोरंटोरं बाईंना 'शिकामो', म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, रस्त्याच्या त्या बाजूनं घालतात. चहा देणारी बाई काचेच्या पेल्याऐवजी प्लास्टिकचा पेला आणते आणि म्हणते, "परत नको, राहू दे तुमच्याकडेच." हवालदार सुट्टीवर गेला, पेन्शनीतून. तिसऱ्या दिवशी वीज होती आणि वर्गात मी एकटा. मांदाझी आणायला गेलो तर बी फायदानं माझा हात धरला.

"ए बुकुरू, तुझ्या आईला काळजी आहे की नाही तुझी? अजून जातोस तिथे?"

"का? वीज आहे आज."

"वीज! मला काय वीज सांगतोस. तूच लिहिलंस ना ते? मोठं मन आहे हो तुझ्या बाईचं. आमच्यातली असती तर लपवलं असतं."

मी मान वळवून कागदाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तो रस्त्यावरून वाचला. हातातल्या मांदाझी तिथेच टाकून पळत आलो.

"बाई! बाई, लोकांना वाटतंय..."

"मला माहीत आहे." बाई तातूचं पोट उघडून बसल्या होत्या. "मंगळवारी संध्याकाळीच कळलं. माझ्या बहिणीनं रडत माणूस पाठवला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? थांबा, मी आत्ता बी फायदाला सांगून येतो."

"काय सांगशील?"

"की तुम्हाला नाही, मशीनला आहे!"

"म्हणजे मला असता, तर त्यांचं बरोबर होतं?"

मी उंबऱ्यात उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर.

"या खोलीत चार वर्षांत पावणेदोनशे माणसं बसली," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, स्क्रू फिरवत होत्या. "कुणाला होता, कुणाला नव्हता, मी कधी विचारलं? आज मी रस्त्यात उभी राहून ओरडले की मला नाही हो, मी स्वच्छ आहे, तर त्यांच्यातल्या ज्याला असेल तो उद्यापासून कुठे बसेल? हंडीपाशी की दाराबाहेर?"

"पण मुली, बाई? त्या वीस मुली?"

"येतील तर येतील."

हे त्या म्हणाल्या, पण स्क्रू त्यांच्या हातून पडला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायला मी वाकलो, आणि बराच वेळ वाकलेला राहिलो, कारण वर येऊन त्यांच्याकडे बघायचं धाडस नव्हतं.

संध्याकाळी मशीन साफ झाली. बाई म्हणाल्या, "आता काढ कागद. ती बरी झाली म्हणून काढ. लोकांसाठी काढू नकोस." मी काढला, आणि त्यानं आणखी एक घोळ झाला. सकाळी बाजारात बातमी: तातू तीन दिवसांत बरी झाली! दुपारी लांबच्या गावाहून दोन माणसं बैलासारखी घामाघूम होऊन आली आणि हळूच विचारू लागली, कोणत्या वैदूकडे गेला होता, बाई? बाईंनी त्यांना बसवलं, प्लास्टिकचा पेला बाजूला सारून आपल्या काचेच्या पेल्यात चहा दिला, आणि खोटी आशा न देता दवाखान्याचा बुधवार-शुक्रवार समजावून सांगितला. ते दोघे तासभर बसले. त्यांच्याशेजारी मीही बसलो. सांगायला लाज वाटते, पण आधी थोडा लांब बसलो होतो.

मग कमिटीची चिठ्ठी आली. मुलींना पाठवण्याआधी म्वालिमूंनी दवाखान्याचा कागद आणून दाखवावा. शनिवारी सकाळी सभा.

सगळ्यांचं एकच म्हणणं. बहिणीचं, आईचं, आणि माझंही. "बाई, आणा ना कागद. सुई टोचायची, दहा मिनिटांचं काम. सगळं मिटेल."

"तू आणलास?"

"मी कशाला आणू?"

"तेच म्हणते मी."

शनिवारी वॉर्डाचं सभागृह खचाखच. एरवी गटाराच्या सभेला नऊ माणसं येतात, आज खिडक्यांत पोरं लटकलेली. समोर कमिटीचे सात जण, मध्ये म्झे लुकोंगो, गळ्यात तीच शिट्टी. पुढच्या रांगेत त्यांची बायको बी अशुरा, नव्या छापील कांगा वस्त्रात, हातात पंखा. एका बाजूला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ओठ आवळून. बी फायदानं तर आज कढई पेटवलीच नव्हती.

साहेब फार गोड बोलले. "म्वालिमू, तुम्ही आमच्या भगिनी. आमच्या मनात काही नाही. पण मुलींचा प्रश्न आहे, पालक विचारतात. एक छोटासा कागद, बस्स."

बाई उठल्या. "कॉम्प्युटर शिकवायला रक्त लागत नाही, म्झे. बोटं लागतात. ती ही बघा, दहा आहेत."

"ते झालंच. पण तो खिडकीवरचा कागद? त्यात तर स्पष्ट लिहिलं होतं."

"लिहिलं होतं ते खरं होतं. माझ्या खोलीत दोन तातू आहेत. एकीला व्हायरस होता. कोणत्या तातूला, ते मी सांगणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं."

सभागृहात कुजबुज उठली. दोन तातू? दुसरी कुठली? बाईंची मोलकरीण? साहेबांनी मान हलवली, खेदानं, जशी निकाल लिहून झालेला माणूस हलवतो. "मग नाइलाज आहे, म्वालिमू. कागद नाही तर मुली नाहीत."

माझ्यानं राहवलं नाही. बाईंनी मला बोलायला बंदी केली होती, पण दोन दिवस मी जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. मी बाकावर चढलो आणि ओरडलो, "अहो, तातूला तो व्हायरस साहेबांकडूनच आलाय! ते स्वतः दुकानात येऊन देऊन गेले! मंगळवारी दुपारी! माझ्यासमोर!"

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. अगदी खिडकीतल्या पोरांच्यासुद्धा.

"तुझ्यासमोर?" बी फायदा म्हणाली.

"हो! दोन मिनिटांत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "दोन मिनिटं म्हणतोय, म्हणजे साहेबच ते," आणि मग जो हशा फुटला तो सरोवरावर पोचला असेल. म्झे गोंग्वे डोळे पुसत होते. मी बाकावर उभाच, काय बोललो ते आत्ता कुठे माझ्या कानांपर्यंत येत होतं. हसत नव्हती फक्त चार माणसं: मी, बाई, साहेब, आणि बी अशुरा. त्यांचा पंखा थांबला होता.

"मंगळवारी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, शांतपणे, "तुम्ही किगोमाला मीटिंगला होतात."

"अगं, होतोच! म्हणजे आधी इथे थोडा वेळ... अहो, काय चाललंय हे? तो कॉम्प्युटरचा व्हायरस! मशीनमधला! पेनड्राइव्हमधून जातो!" साहेबांनी गळ्यातली शिट्टी वर धरली, तर आणखी हशा. "हसता काय! तो आजार नाही, तो वेगळा! म्वालिमू, सांगा ना यांना! तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला माहीत आहे!"

आता बघा. बाईंनी एक वाक्य बोलायचं होतं. होय, मशीनचा व्हायरस. तेवढ्यानं साहेब सुटले असते, बाई सुटल्या असत्या, वीस मुली आल्या असत्या, मीही बाकावरून उतरलो असतो. सगळं सभागृह त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"मला माहीत आहे, म्झे," बाई म्हणाल्या. "पण माझ्या माहितीवर इथे काही ठरत नाही. इथे कागद लागतो. तुम्हीच ठरवलंत."

"मी? मी कशाला कागद आणू? मला काही झालेलं नाही!"

"मी तुम्हाला झालंय असं म्हटलं का? मी काहीच म्हटलं नाही. लोक म्हणतायत. लोक म्हणाले की कागद आणायचा, असाच नियम आहे ना? दवाखाना बुधवारी उघडतो. माझ्यापुढे उभे राहा रांगेत, तुम्ही साहेब आहात. आणि कमिटीचे बाकीचे सहा जण तुमच्यामागे, तेही मुलींच्या शाळेत ये-जा करतात. सात कागद इथे टेबलावर ठेवा, आठवा माझा मी ठेवीन."

कमिटीकडे बघण्यासारखं होतं. एकाला छत गळतंय का ते तपासायचं होतं. दुसरा वही उलटी धरून वाचू लागला. तिसरे, जे मशिदीच्या दुरुस्तीचे प्रमुख आणि दोन घरांचे कर्ते, उठून म्हणाले की त्यांची शेळी मोकळी सुटली असावी.

"बसा!" म्झे गोंग्वे मागून गरजले. "शेळीलाही कागद विचारीन मी!"

पाच मिनिटांत ठराव झाला. कागदाची अट रद्द. कुणीच कुणाला कागद मागायचा नाही, दाखवायचा नाही, मागितला तर दंड. इतका झटपट ठराव आमच्या वॉर्डात ना आधी झाला होता, ना नंतर झाला. साहेबांनी सही करताना कागद जवळजवळ फाडला.

बाहेर पडताना मुख्याध्यापिकांनी बाईंना गाठलं. "म्वालिमू, एक विचारू? फक्त आपल्या दोघींत. कोणती तातू?"

"नाही सांगणार, मॅडम."

त्यांनी मान डोलावली. "बरं. सोमवारी किती वाजता पाठवू?"

सोमवारी अकरा मुली आल्या. नऊ जणींच्या घरच्यांनी सुट्टीत मामाकडे पाठवलं, एकाच दिवशी नऊ मामांना भाच्या आठवल्या. बाईंनी हजेरीत वीस नावं लिहिली आणि नऊ जागा मोकळ्या ठेवल्या. अकरा मुलींवर खोली चालते का? चालते, कशीबशी, पोट बांधून. बाईंनी पडद्यांवरच्या नव्या झाकण्या काढल्या आणि मुलींना बसायला सांगितलं. मोजासमोर सहा जणी बसल्या, एकमेकींच्या मांडीवर. म्बिलीसमोर पाच जणी. तातूची खुर्ची रिकामी. खिडकीतून तिच्यावर ऊन पडलं होतं आणि मुली तिच्याकडे न बघता बघत होत्या.

फळ्याकडे वळून बाईंनी पहिला शब्द लिहायला घेतला. खडू दोनदा मोडला.

मी उठून त्या खुर्चीवर बसणार होतो, देवाशपथ, उठलोही होतो अर्धा. तेवढ्यात दारात कांगा सळसळला. बी अशुरा. मागे कुणी नाही, हातात पंखा आहे, आणि शनिवारपासून नवऱ्याशी बोललेल्या नाहीत हे बाजाराला माहीतच होतं.

"मोठ्यांना शिकवता का, म्वालिमू?"

"शिकवते. वीज आहे त्या दिवशी मशीन, नाही त्या दिवशी शब्द."

"मला एकच शब्द हवाय. माणसानं पुसून टाकलेलं परत वर काढतात, त्याला काय म्हणतात?"

"रिकव्हर."

"तोच. इथे कुणी बसलंय?" त्यांनी तातूची खुर्ची ओढली आणि उत्तराची वाट न बघता बसल्या, ऐसपैस, मग शेजारच्या बाकाकडे बघून दोन मुलींना म्हणाल्या, "तिकडे काय डागा मासळीसारख्या वाळत बसलात एकमेकींवर? या इकडे. सरका."

मुली सरकल्या. आधी एक, मग तिघी.

"आता माऊस धरा," बाई त्यांच्या मागे येऊन म्हणाल्या. "इतका घट्ट नको, बी. तो पळून जात नाही."

"पळून जाणारे मी ओळखते," बी अशुरा म्हणाल्या, आणि पकड जराही सैल केली नाही.